आजीचा दुसरा डोळा

बाबा, उद्या सकाळी माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, पण डोळ्याची गोष्ट आणि तुमच्या कानावर घातली नाही, असं या घरात कधी झालेलं नाही, म्हणून लिहायला बसले. एका डोळ्यावर साय धरली आहे, त्यामुळे ओळी चढत जातात आणि शेवटाला घसरतात. तुम्ही असतात तर आधी पत्र वाचलंच नसतं. लिहिताना कागद नाकापासून किती लांब धरला होता, ते विचारलं असतं.

तुमचं शिक्षण उलट्या क्रमानं झालं, असं मी वर्गात मुलांना सांगते. आधी हात शिकला, मग डोळा, पुस्तक सर्वांत शेवटी. बदलापूरच्या पलीकडच्या गावातली भातशेती भावावर टाकून तुम्ही उल्हासनगरात आलात आणि तिथल्या कॅम्प एक या वस्तीतल्या एका सिंधी शेठच्या चष्म्याच्या दुकानात काचा घासायला लागलात. दगडाच्या चाकावर पाणी सोडत काच फ्रेमच्या मापाची करायची, एवढंच काम. शेठ गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना सांगायचे, "इम्पोर्टेड फ्रेम है, साईं," आणि तुम्ही आतून हळूच म्हणायचात, "हो, कॅम्प पाचहून इम्पोर्ट होते." हे शेठना ऐकू जायचं. त्यांनी तुम्हाला काढलं नाही, उलट एके दिवशी म्हणाले, "घिसने में तो तू उस्ताद हो गया. अब जिसके लिए घिसता है उसको क्या दिखता है, वो भी सीख के आ." मग मुंबईच्या एका इस्पितळात तुम्ही दृष्टितपासणीचा कोर्स केलात, सकाळी तिकडे, संध्याकाळी चाकावर. समोरचा माणूस एक अक्षर बोलला नाही तरी त्याच्या बुबुळातून परत येणाऱ्या उजेडावरून नंबर काढता येतो, हे तिथे शिकलात, आणि तेव्हापासून तुमची अशी समजूत झाली की माणसं बोलतात त्यातलं निम्मं अनावश्यक असतं. माझ्या संस्कृतबद्दलही तुमचं हेच मत होतं. चष्म्याला 'उपनेत्र' म्हणतात असं मी कॉलेजातून शिकून आले, तर तुम्ही लगेच समोरच्या गिऱ्हाइकाला सांगितलंत, "हिच्याकडून घ्याल तर उपनेत्र, महाग पडेल. माझ्याकडून चष्माच घ्या."

पुढे तुमचं स्वतःचं दुकान झालं, ते इतकं आखूड की तक्ता हवा तितक्या अंतरावर लावायला भिंतच नव्हती. म्हणून उलट्या अक्षरांचा तक्ता माणसाच्या डोक्यामागे आणि समोर आरसा. बाकड्यावर कधी अंबरनाथच्या एमआयडीसीतला कामगार रिक्षातून उतरून डोळ्यावर रुमाल दाबत आलेला, कधी पापडवाली सिंधी बाई, कधी कारखान्यातला साहेब. सगळ्यांना तुमचा पहिला प्रश्न एकच: "तुम्हाला काय बघायचंय?" साहेब गोंधळायचे. "काय म्हणजे? सगळंच." "सगळ्याचा चष्मा नसतो हो. एक सांगा." पापडवाली मात्र लगेच सांगायची, "सुई का नाका, साईं. बाकी दुनिया देख ली मैंने." मग तुम्ही खरोखरची सुई आणि दोरा काढून तिच्या हातात द्यायचात, आणि दोरा ओवला गेला की तोच तिचा नंबर. तक्त्याचं काय म्हणणं आहे ते नंतर. डोळ्यात कण गेलेल्या कामगाराला मात्र तुम्ही हात लावायचा नाहीत. पाणी पाजायचात, बसवायचात, आणि स्वतः रिक्षात घालून दवाखान्यात पोचवायचात. "हे माझं नाही," म्हणायचात. आपलं काय आणि आपलं काय नाही, हे तुम्हाला इतकं स्वच्छ माहीत होतं, म्हणूनच पुढचं सगळं मला इतकी वर्षं समजलं नाही.

मोतीबिंदू तुमचा नव्हता, पण तुमची सगळी चिडचिड त्याच्यावर होती. गावाकडची माणसं डोळा पांढरा होईपर्यंत घरी बसायची, का तर मोतीबिंदू पिकायला हवा. तुम्ही ओरडायचात, "मोतीबिंदू काय हापूस आहे का, अढी घालून पिकवायला? जास्त पिकला तर आत फुटतो तो. मग डोळाही जातो आणि दुखतं तेही वेगळं." दर गुरुवारी दुकान बंद ठेवून तुम्ही गावाला जायचात, देवळाच्या ओट्यावर पेटी उघडायचात, चष्मे द्यायचात आणि हापूसचं वाक्य ऐकवायचात. माणसं चष्मे घ्यायची, वाक्यावर हसायची आणि घरी जाऊन पिकत बसायची.

मग त्या वर्षी थंडीत बदलापूरला शाळेच्या इमारतीत डोळ्यांचं शिबिर भरायचं ठरलं. मुंबईहून डॉक्टर येणार, ऑपरेशन फुकट, जेवण फुकट. तुम्ही गावात घरोघरी गेलात. मीही त्या गुरुवारी बरोबर होते, कॉलेजचं पहिलं वर्ष होतं माझं. ओट्यावर तुमच्याच वयाचे एक काका बसलेत, तुमच्याबरोबर गुरं राखलेले. तुमचं सगळं ऐकून घेतात, तंबाखू झाडतात, आणि म्हणतात, "तुजा खरा हाय रं. पन नवी हीर खनली का पानी पयला कोन पितो?" गावची रीत तुम्हाला पाठ होती: नव्या विहिरीचं पाणी पहिल्यांदा खणणाऱ्याच्या घरचं माणूस पितं, नवं बियाणं आणलं तर आधी आणणाऱ्याच्या वावरात पडतं. काका म्हणाले, "आधी तुज्या आयशीला झोपव. मंग आमी समदी येताव."

आजीच्या दोन्ही डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू होता. उजवा पुढे गेलेला, डावा सुरुवातीचा. तुम्ही घरी आलात आणि जेवताना तिला विचारलंत, तेही तुमच्या पद्धतीनं. "आई, तुला काय बघायचंय?" आजी तांदूळ निवडत होती. "खडं," ती म्हणाली. "तांदलातलं खडं. तुमी खाताव आनि बोलत नाय. मना आवाज येतो." आणि मग, तुम्ही पुढचं काही बोलायच्या आत, "ने मना. पयली मीच झोपते. तुजी पत रायली पायजे गावात."

शिबिरात ती पहिलीच झोपली. बाहेर पटांगणात सगळं गाव बसून होतं. डोळ्यावर पट्टी बांधून तिला बाहेर आणली तेव्हा तिनं दोन्ही हात वर करून दाखवले, कुस्ती जिंकल्यासारखे, आणि माणसं हसत हसत रांगेला लागली. ते काकाही लागले. तो दिवस मला फार सुंदर आठवतो, म्हणून मी तो फारसा आठवत नाही.

काय झालं ते कुणी नीट सांगितलंच नाही. कुणी म्हणालं औषधाचं पाणी खराब होतं, कुणी म्हणालं हत्यारं. पट्ट्या सोडल्या तेव्हा आजीचा डोळा लाल, पुवानं भरलेला, आणि तिच्यामागून झोपलेल्या आणखी काही जणांचे तसेच. काकांचाही. डॉक्टर तोपर्यंत परत गेले होते, शिबिर भरवणाऱ्या मंडळाचे लोक एकमेकांकडे बोट दाखवत होते, आणि गावाला तर त्या सगळ्यांत एकच चेहरा ओळखीचा होता. तुम्ही एकेकाला टेंपोत घालून मुंबईच्या इस्पितळात नेलंत. बहुतेकांचे डोळे गेले. आजीचा उजवा आक्रसून सुपारीएवढा झाला.

गावानं तुम्हाला शिवी दिली नाही. मला वाटतं, दिली असती तर बरं झालं असतं. पुढच्या गुरुवारी तुम्ही पेटी घेऊन गेलात तेव्हा माणसं नेहमीसारखी आली, चष्मे दाखवले, स्क्रू आवळून घेतले. काका एका डोळ्यानं तुमच्याकडे बघत म्हणाले, "आयशीचा दुसरा कदी?" तुम्ही म्हणालात, "बघू." "मंग आमी पन बघू," काका म्हणाले. इतकंच. गावातल्या सगळ्या उरलेल्या डोळ्यांचं आता आजीच्या डाव्या डोळ्याकडे लक्ष होतं.

तुम्ही आजीला चष्मा केलात. तुमच्या धंद्यात एक 'बॅलन्स'ची काच असते, हे मला तेव्हा कळलं. मेलेल्या डोळ्यापुढे नुसती साधी काच घातली तर चष्मा एका बाजूला कलतो, आणि समोरच्याला एक डोळा लहान, एक मोठा दिसतो. म्हणून त्या डोळ्यापुढेही चांगल्या डोळ्याच्या जाडीची, वजनाची काच द्यायची. दिसण्याशी तिचा काही संबंध नाही, ती नुसती तोल राखते. सगळे चष्मेवाले अंदाजानं कुठलीतरी जाड काच ठोकून देतात. तुम्ही मात्र चाकावर बसून ती घासलीत, मध्यबिंदू बुबुळासमोर आणलात, बुबुळ नव्हतं तिथे. पुढे डाव्या डोळ्याचा नंबर वाढत गेला तसतशी दर वेळी ती काचही बदलत गेलात. आजी म्हणायची, "आरं, याचा बी लंबर वाडला का?" आणि तुम्ही चेहरा न हलवता, "हो आई, वाढला."

मी तिला एकदा कॉलेजात शिकलेला काकाक्षिगोलकन्याय सांगितला होता. कावळ्याला म्हणे बुबुळ एकच असतं, आणि ते तो लागेल तसं या खाचेतून त्या खाचेत फिरवतो. आजीला हे इतकं आवडलं की आल्यागेल्याला सांगायला लागली. तुम्ही पापणी उचलून तिचा डावा डोळा तपासत असलात की म्हणायची, "बघ, आज इकडं हाय का. नाय तर तिकडं गेला असंल." मी हसायची. तुमचा हात मात्र तिच्या पापणीवर तसाच राहायचा, आणि मी तेव्हा वीस वर्षांची होते, मला वाटायचं तुम्हाला विनोद कळला नाही.

डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू वाढतोय हे सांगायला आमच्याकडे तक्ता नको होता. ताट होतं. भातात खडे यायला लागले. पहिल्यांदा आठवड्यातून एखादा, मग रोज. आई तांदूळ लपवून निवडायची, पण आजीनं तो मान सोडला नव्हता, सूप घेऊन दारात बसायचीच. तुमच्या दाढेखाली खडा आला की मला ऐकू यायचा. तुम्ही थांबायचात, आणि गिळायचात. खडा गिळणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

दर दिवाळीला आजी विचारायची, "नेतोस का रं आता? दुसरा बी दाकव त्यांना." आणि तुम्ही म्हणायचात, "अजून पिकला नाही, आई." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं तुम्ही थट्टा करताय. आजीलाही वाटलं असावं. ती थोडी थांबली, तुमच्या हसण्याची वाट बघितली, ते आलं नाही, आणि ती परत सुपाकडे वळली.

एव्हाना जग बदललं होतं. मुंबईत डोळ्याच्या आत बसवायची भिंगं आली होती, कॅम्पातल्या व्यापाऱ्यांच्या आया आठवड्यात बऱ्या होऊन दुकानावर बसत होत्या, आणि त्यांना तुम्हीच पाठवत होतात. तुमच्या शेठनाही तुम्हीच पाठवलंत. ते परत आले आणि दुकानात उभं राहून म्हणाले, "पहले अपनी माँ को क्यों नहीं ले जाता, साईं?" तुम्ही त्यांच्या चष्म्याची फ्रेम पुसत राहिलात. त्या दिवशी मी तिथेच होते. एम.ए.चा शेवटचा पेपर देऊन आले होते, अंगात शास्त्रार्थ होता. बाकड्यावर वांगणीकडचे एक म्हातारे बसलेले, त्यांना तुम्ही नुकतंच हापूसचं वाक्य ऐकवलं होतं, आवाज चढवून. शेठ गेल्यावर मी म्हणाले, "बाबा, या आजोबांचा हापूस नाही, मग आजीचाच काय हापूस आहे?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. म्हणालात, "तिचा अजून पिकला नाही."

"तिला काल माझा आणि आईचा चेहरा वेगळा ओळखता आला नाही."

"पिकला की नेईन."

बाकड्यावरचे म्हातारे एकदा तुमच्याकडे, एकदा माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "मंग माजा बी ऱ्हाऊ दे का, डॉक्टर?" आणि तुम्ही, ज्यांनी उभ्या जन्मात एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं सांगितलं नव्हतं, तुम्ही म्हणालात, "नाही नाही, तुम्ही जा. तुमचं वेगळं."

मी घरी येऊन आजीपुढे तुमच्याबद्दल वाट्टेल ते बोलले. शिकलेला अडाणी म्हणाले. आजीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्याला नको बोलू, बाय. भ्यालाय तो. पापनी उचलतो तवा त्याचा हात कापतो. डोला गेला म्हनून कातडी मेली का माजी?" मी म्हटलं, मग तू माझ्याबरोबर चल, मी नेते. "तुज्यासंगं कशाला?" ती म्हणाली. "त्यानं नेलं पायजे. तो नेईल तवाच जाईन." दोघं मायलेक एकाच मातीचे. ती तुम्ही न्याल म्हणून थांबली होती, तुम्ही न न्यायला लागावं म्हणून थांबला होतात, आणि गाव दोघांसाठी थांबलं होतं. काकांचा राहिलेला डोळा त्याच वाट बघण्यात गेला. तुम्ही त्यांना किती वेळा सांगितलंत जा म्हणून. ते म्हणायचे, "आयशीचा झाला का?"

श्रावणातल्या एका सकाळी आजी भिंतीला डोकं लावून बसलेली आहे. डावा डोळा रक्तासारखा लाल, उलट्या होतायत, आणि ती ओरडत नाही म्हणून जास्तच भीती वाटते. तुम्ही बॅटरी घेऊन गुडघ्यावर बसता, पापणी उचलता. तुम्हाला कळलेलं असतं, तुमच्याच तोंडून मी शंभरदा ऐकलेलं: जास्त पिकला तर आत फुटतो. तुम्ही बॅटरी विझवता. कपाटातला इस्त्रीचा शर्ट काढून घालता, बटणं लावता, एक बटण चुकतं, परत सगळी सोडून लावता.

इस्पितळात डॉक्टर तरुण होते, थकलेले. डोळा बघून चिडले. "इतके दिवस काय करत होतात? हा डोळा वर्षापूर्वी आणायचा. घरात कुणी शिकलेलं नाही? डोळ्यांतलं थोडंफार कळणारं कुणी नाही का तुमच्या घरात?"

तुम्ही तिच्या खांद्यावर हात ठेवून उभे होतात. म्हणालात, "नाही."

आजीनं मान किंचित तुमच्याकडे वळवली.

दुखणं थांबवता आलं, नजर नाही. ती घरी आली आणि चार दिवसांनी म्हणाली, "माजा चश्मा कुटं हाय? तोंड उगडं उगडं वाटतं." तुम्ही त्या रात्रीचं जेवण न जेवता दुकानात गेलात, आणि दुसऱ्या दिवशी तिला नवा चष्मा आणून घातलात. दोन्ही काचा बॅलन्सच्या. दोन्ही घासलेल्या, दोन्हीचा मध्य बरोबर डोळ्यांसमोर. ती मरेपर्यंत तो घालून दारात बसायची, रिकामं सूप मांडीवर घेऊन, आणि रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटायचं म्हातारी त्यांच्याकडेच बघतेय. ती गेल्यावर तुम्ही फार टिकला नाहीत. गुरुवारी गावाला जाणं तेवढं शेवटपर्यंत सोडलं नाहीत. पेटी घेऊन ओट्यावर बसायचात. हापूसचं वाक्य परत कधी तुमच्या तोंडून मी ऐकलं नाही.

आजीचा तो चष्मा माझ्याकडे आहे. काल तो घालून बघितला. गंमत म्हणजे माझ्या चांगल्या डोळ्याला त्यातून खिडकीबाहेरचं बरंच स्पष्ट दिसतं. कुणी कधी त्यातून बघणार नव्हतं, तरी तुम्ही दिसेल अशी काच केली होती. त्यावर मी काही भाष्य करणार नाही. माझं भाष्य तुम्हाला तसंही लांबलचक वाटायचं.

तुम्ही गेल्यापासून मी तुमच्यावर रागावलेली आहे, हे सांगायची गरज नाही. तुम्ही तिला नेलं नाहीत म्हणून नाही, ते मला कधीतरी समजलं. 'अजून पिकला नाही' हे वाक्य वापरलंत म्हणून. सगळ्या गावातून ज्याला हाकलायला निघाला होतात, तेच घरात आणून बसवलंत. वर्गात तर्क शिकवताना, एकच विधान एका ठिकाणी खोटं आणि दुसऱ्या ठिकाणी खरं कसं ठरू शकत नाही, याचं उदाहरण म्हणून मला नेहमी तुम्ही आठवता. नाव घेत नाही, एवढंच.

उद्याच्या डॉक्टरीणबाई माझ्या विद्यार्थिनींच्या वयाच्या आहेत. "दहा मिनिटांचं काम, मॅम, अजिबात घाबरू नका," म्हणाल्या. "घरी आधी कुणाचं झालंय का?" मी म्हणाले, आजीचं. "मग कसं झालं होतं?" मी म्हणाले, ती पहिली होती. त्यांनी मान डोलावून लिहून घेतलं.

मी जाणार आहे. पहिलाच नंबर आहे. रिक्षा सांगून ठेवली आहे, लेकीला रजा घ्यायला लावली आहे, उपाशी राहायचं नाही म्हणतात, औषधं भरली आहेत. सगळं तुम्ही सांगितलं असतं तसंच. हे पत्र घडी करून आजीच्या चष्म्याच्या डबीत जाईल, दुसरीकडे कुठे जाण्यासारखं नाही. फक्त बाबा, मगाशी अंधार पडताना मी दारात खुर्ची टाकून बसले होते, आणि मला फार वाटलं की तुम्ही यावं, बॅटरी लावून माझी पापणी उचलावी, हात कापला तरी चालेल, आणि म्हणावं, राहू दे गं, अजून पिकला नाही.